राइट टाउनचे सींगवाले बाबा

फौजेतून रजेवर आलेल्या अंबादासने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून विष्णुपंतांच्या बंगईवर पसरली, आणि सत्यभामाबाई "अगं माय!" म्हणून अशा ओरडल्या, की बंगईवर बसलेले विष्णुपंत न झुलवता झुलले.

कागद वीतभर रुंद आणि हातभर लांब. त्यावर काळ्या शाईत उमटवलेला एक प्राणी. डोक्यावर दोन शिंगं, डोळे वाटोळे, तोंड कानापर्यंत फाकलेलं, आणि अंगावर मांस म्हणून नाही, नुसत्या बरगड्या. बाजूला किड्यामुंग्या चालत गेल्यासारखी अक्षरं आणि कोपऱ्यात एक लाल शिक्का.

"हे काय घेऊन आलास रे मेल्या?" सत्यभामाबाईंनी पदर तोंडावर धरला.

"म्या नाही आणलं काकू. चिंतामणीबाबूनं पाठवलं. जपानातून. दारावर लावा म्हणे."

"माझ्या लेकाने राक्षस पाठवला?"

"मले काय मालूम जी? थे म्हणाले दोन गोष्टी सांगजो. एक, दारावर लावा. अन् दुसरी..." अंबादास थांबला, कपाळ चोळलं, आढ्याकडे पाहिलं. "दुसरी जहाजात गेली."

"जहाजात गेली म्हणजे?" विष्णुपंतांनी विचारलं.

"सिंगापूरच्या इकडं लई उलट्या झाल्या नानाजी. पोटातलं सगळं गेलं, त्यात थेही गेलं."

माजघराच्या दाराआड उभ्या असलेल्या सुमेधाच्या हातातला चहाचा पेला तिथंच थबकला. ती दुसरी गोष्ट आपल्यासाठीच होती, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

चिंतामणी हा विष्णुपंतांचा एकुलता एक मुलगा आणि सुमेधाचा नवरा. फौजेच्या गोदामात तो बाबू म्हणून लागला आणि सारी लढाई त्याने ब्रह्मदेशच्या वेशीवर साबण, सुतळी आणि बूट सांभाळण्यात काढली. लढाई संपली. राइट टाउनातले, ओमतीतले, महाराजपूरचे, सदरमधले, साऱ्या गावातून लढाईवर गेलेले लोक एकेक करून परतू लागले. तेवढ्यात सरकारने चिंतामणीला उचलून जपानात धाडलं. "जिंकलेल्या माणसाला कोणी हरलेल्याच्या घरी राहायला पाठवतं काय?" असं सत्यभामाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत. विष्णुपंत कमिशनरच्या कचेरीतून पेन्शनीत निघालेले, सरकारच्या शिंकेचाही अर्थ लावून दाखवणारे. पण याचा अर्थ त्यांनाही लागत नव्हता.

सुमेधाचं लग्न झालं आणि हळदीचा रंग उतरायच्या आत तो गेला होता. त्याची पत्रं येत ती नानांच्या नावाने. नाना ती बैठकीत बसून, चष्मा पुसून, कचेरीत हुकूम वाचावा तशी मोठ्याने वाचत. शेवटी ठरलेलं वाक्य असे, 'घरातील सर्वांस यथायोग्य.' त्या 'सर्वांत' आपला वाटा किती असेल, हे सुमेधा पोळ्या लाटता लाटता मनाशी काढत बसे. नवऱ्याच्या आठवणीने रडू आलं तर त्या घरात कांदा चिरायला घेण्याची सोय होती, पण चातुर्मासात तीही नव्हती.

सत्यभामाबाईंचा लेकासाठीचा बंदोबस्त वेगळा होता. दारावरून जाणारा एकही फिरस्ता त्या रिकाम्या हाताने जाऊ देत नसत आणि स्वतःही रिकाम्या हाताने राहत नसत. त्याने पीठ घ्यायचं आणि लेकाच्या रक्षणासाठी काहीतरी द्यायचं. गोसाव्याने भस्म दिलं, नाथपंथी कानफाट्याने काळा दोरा, सदरच्या फकिराने ताईत, आणि परिक्रमेला निघालेल्या कोणा बाईने नर्मदेचा गोटा. शिवाय घोड्याची नाल, लिंबू-मिरची आणि काळी बाहुली घरचीच. चौकटीवर बोट टेकायला जागा नव्हती. विष्णुपंत या साऱ्याला अडाणीपणा म्हणत आणि बाहेर पडताना नालेला हात लावून जात.

पण इतक्या देवादिकांना मुलखाचे मुलूख ओलांडून जपानपर्यंत हात पोचवायचा होता. आणि हा कागद तर चिंतामणीच्या हातातून निघून इथं आला होता. त्याने तो गुंडाळला असेल, त्यावर दोरा बांधला असेल. गाठ त्याचीच होती. धोतराचीसुद्धा तो अशीच उलटी गाठ मारी.

दुपारी सासूबाई देवळात प्रवचनाला गेल्या, नानांचा डोळा लागला, आणि सुमेधाने चुलीवर मैद्याची खळ शिजवली. विष्णुपंत जुनी पुस्तकं स्वतः बांधत. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचं हे ती त्यांचं पाहून शिकली होती. तिनेही घातलं, आणि मूठ जरा सढळ पडली. मग पुढच्या दाराच्या उजव्या फळीवर, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर, तिने तो राक्षस चारी कोपरे दाबून चिकटवला. लग्न होऊन आल्यापासून कोणाला न विचारता तिने केलेलं हे पहिलं काम.

सत्यभामाबाई तिन्हीसांजेला परत आल्या आणि फाटकातूनच ओरडल्या. "कोणी लावलं हे? सुमेधा, काय करून राहिली तू?"

"दारावर लावा असा निरोप होता ना, आई."

"अगं, पण दारात राक्षस उभा केला तर लक्ष्मी येईल कशी?"

"काढून टाका मग," विष्णुपंत म्हणाले.

"लेकाने पाठवलेलं काढायचं? अन् राक्षसाला हात लावायचा कोणी? तुम्ही लावाल?"

हे आव्हान होतं. सकाळी विष्णुपंत पाण्याचा तांब्या आणि सुरी घेऊन दारासमोर बसले. पण मोरचूद घातलेल्या खळीने आपलं काम चोख केलं होतं. वरचा कोपरा हलेना, डावा हलेना. खालचा सुटेल म्हणून ते वाकले, सुरी घुसवली, जोर लावला, आणि कमरेत अशी उसण भरली की वाकले ते वाकलेच.

नेमक्या त्या वेळी गणपत दूधवाला फाटकातून आत आला. त्याने जे पाहिलं ते असं. गावातल्या कोणत्याही देवापुढे मान न वाकवणारे पेन्शनर विष्णुपंत एका शिंगवाल्यापुढे दुमडून उभे आहेत, आणि तोंडाने "आई गं, सोड रे, सोड!" म्हणत आहेत. गणपतच्या हातातली चरवी सुटली आणि दूध सुमेधाच्या रांगोळीवरून ओहोळ करून वाहत गेलं.

"पंतजी को पकड़ लिया! भूत ने पकड़ लिया!" म्हणत तो जो सुटला, तो थेट ओमतीच्या चौकात थांबला. तिथं श्रोत्यांना कधीच तोटा नसे.

मग पुढच्या दाराला कोणी फिरकेना. दूध मागच्या गल्लीतून येऊ लागलं, भाजीवाली मागून, आणि धोबी कपड्यांचं गाठोडं कुंपणावरून फेकू लागला. सत्यभामाबाई त्या कागदासमोरून जायला तयार नव्हत्या आणि नानांना तर कंबर वाकल्यामुळे चालताना तसंही फक्त जमीन दिसत होती. सारं घरच मागच्या दाराने ये-जा करू लागलं. मागच्या गल्लीत कोळशाचा ढीग होता. विष्णुपंतांचे पेन्शनर स्नेही पांढरीशुभ्र धोतरं नेसून गप्पा मारायला येत आणि गुडघ्यापर्यंत काळे होऊन जात.

सुमेधा मात्र रोज पहाटे पुढचं दार उघडी, सडा टाकी, रांगोळी काढी, संध्याकाळी दिवा लावी. गल्लीत माणूस नाही, सासू नाही, सासरे नाहीत. एवढा एकांत तिला त्या घरात प्रथमच मिळाला होता. ती कागदाकडे पाहत उभी राही. पहिल्या दिवशी भीती वाटली, मग सवय झाली, आणि मग ते वाटोळे डोळे तिला थकलेले वाटू लागले. "जेवला की नाही?" तिने एकदा त्याला हळूच विचारलं. प्रश्न कागदाला नव्हता. पण ज्याला होता, तो ऐकायला नव्हता.

दुसऱ्या गोष्टीचा पिच्छाही तिने सोडला नव्हता. अंबादास लांब रजेवर आला होता आणि दर दोन-चार दिवसांनी चकरा मारी, कारण सुमेधा त्याला खाऊ घाली.

"अंबादासभाऊ, आठवलं काही?"

"आठवून राहिलो वैनी. हे अनारसे तुमीच केले का?"

"घ्या अजून. काय म्हणाले होते ते?"

अंबादासने अनारसा तोंडात टाकला, डोळे मिटले. "म्हातारी," तो एकदम म्हणाला. "त्या गोष्टीत एक म्हातारी व्हती. एवढं पक्कं."

"कोण म्हातारी?"

"थे नाही आठवत. पण म्हातारीचं काहीतरी करा म्हणे."

सुमेधा सुन्न झाली. मुलखापलीकडून इतक्या वर्षांनी तिला म्हणून एक निरोप आला, आणि तो 'म्हातारीची काळजी घे' असा! पण नवऱ्याची आज्ञा ती आज्ञा. त्या संध्याकाळपासून तिने सत्यभामाबाईंचे पाय तेलाने चोळायला सुरुवात केली. सत्यभामाबाई आधी चकित झाल्या, मग संशयात पडल्या, आणि शेवटी पाय आपणहून पुढे करू लागल्या. तेल जिरवता जिरवता सुमेधाला रडू येई. सासूबाईंना वाटे, सून मायाळू आहे.

आणि मग एके सकाळी पुढच्या फाटकातून आरोळी आली, "नर्मदे हर!"

एक परिक्रमावासी होता. हातात काठी, कमंडलू, पाय धुळीने माखलेले. नर्मदामाईला उजवीकडे ठेवून तिच्याभोवती चालत फिरणाऱ्या या लोकांना गावगप्पा कळत नाहीत, म्हणून तो सरळ पुढच्या दारात आला. सुमेधा सुपात पीठ-डाळ घेऊन आली, तर तो कागदासमोर हात जोडून उभा.

"महाराज, वो राक्षस है," ती संकोचून म्हणाली.

"कौन बोला? यह तो साधु है, माई." तो जवळ गेला, बरगड्यांवर बोट ठेवलं. "पसलियाँ देखो. ऐसी पसलियाँ खा-पीकर नहीं बनतीं."

"और सींग?"

"अरे, जिसको दरवाज़े पर पहरा देना है, वह मुँह डरावना न बनाए तो क्या मुस्कुराए?" त्याने पीठ झोळीत घेतलं, कागदाला वाकून नमस्कार केला आणि ग्वारीघाटाकडे निघून गेला.

वाटेतल्या प्रत्येक धर्मशाळेत त्याने हे सांगितलं असणार, कारण आठवडाभरात फाटकाशी माणसं दिसू लागली. त्याच्या थोडं आधीच शेजारच्या दोन गल्ल्यांत देवीची साथ आली होती आणि या गल्लीला सोडून गेली होती. माणसंच येत-जात नसतील तर साथ कोणाच्या खांद्यावर बसून येणार, हे विष्णुपंतांनी वाकल्या वाकल्या समजावून सांगितलं. कोणी ऐकलं नाही. भूत होतं ते 'सींगवाले बाबा' झाले. पुढे उदबत्त्या आल्या, झेंडूच्या माळा आल्या, आणि सत्यभामाबाई म्हणू लागल्या, "मी तर पहिल्या दिवशीच ओळखलं होतं." त्यांनी बाकीचे ताईत-दोरे काढून बाबांच्या पायाशी हारीने मांडले. देवळात मोठा देव आला की बारक्यांना कोपऱ्यात सरकावंच लागतं.

"घराचं देऊळ झालं! अन् आम्ही चोरासारखे मागून," विष्णुपंत कुरकुरले. पण त्याच दिवशी त्यांची कंबर आपोआप सुटली आणि ते दारासमोरच ताठ उभे राहिले. हे बघायला रांगेत बरीच माणसं होती. त्यानंतर त्यांनी या विषयावर मत देणं बंद केलं.

रांगेत बायकाच जास्त. सुमेधाकडे अंगारा द्यायचं काम आलं. डोईवर पदर, मान खाली, समोर तळहात आला की त्यावर चिमूट ठेवायची आणि म्हणायचं, "आगे बढ़ो." चेहरे तिला दिसत नसत, हात दिसत. विडीच्या कारखान्यातले पिवळी बोटं झालेले हात, शेण थापणारे, मेंदी कधीच न लागलेले. आणि हळूहळू त्या हातांच्या मालकिणी बोलू लागल्या. कोणाचा मुलगा फौजेतून आला नव्हता, कोणाचा नवरा इटलीत, कोणाचा भाऊ कुठं हे सरकारलाही माहीत नव्हतं. सुमेधाला वाटायचं, वाट पाहणारी आपण एकटी. आता कळलं, की आपली तर रांगेतली एक जागा.

महाराजपूरहून भानुमती नावाची एक म्हातारी चालत यायची. तिचा मुलगा ब्रह्मदेशात गेला होता. 'पत्ता नाही' एवढंच फौजेने कळवलं होतं.

"बहूजी, तुम्हारे वो जपान में हैं ना? लौटें तो पूछना, हमारे लल्ला को कहीं देखा क्या. बायें गाल पर तिल है."

"पूछूँगी, अम्मा," सुमेधा म्हणायची. दर खेपेला तीळ त्याच गालावर असायचा आणि दर खेपेला ती नव्याने ऐकायची.

रांग वाढली तसा टपालवाल्याचाही धीर चेपला. तो पुढच्या दाराने येऊ लागला, पण बाबांच्या दारात येऊन नुसतं कार्ड टाकून कसं जायचं? तो टपाल माळेखाली बाबांच्या पायाशी ठेवी आणि नमस्कार करून निघे. सत्यभामाबाई सगळं निर्माल्य शुक्रवारी टोपलीत भरून ग्वारीघाटावर नर्मदेत सोडत. त्या शुक्रवारी टोपलीत झेंडूखाली मुंबईहून आलेलं एक कार्डही गेलं, हे कोणाला कळलं नाही. चिंतामणीने ते बंदरावर उतरल्या उतरल्या टाकलं होतं.

तर त्या दिवशी सोमवार होता आणि रांग फाटकाबाहेर गेली होती. सुमेधाची बोटं राखेने पांढरी झाली होती. हात येत होते, जात होते. एक पुरुषी हात आला, वाळलेला, शिरा वर आलेल्या. तिने चिमूट ठेवली.

"आगे बढ़ो, भैया."

हात पुढे सरकला नाही. आणि मग तिला करंगळी दिसली. ती सरळ होत नव्हती. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून वाकडी झालेली करंगळी.

लग्नातही सुमेधाची मान अशीच खाली होती. चेहरा तिने नंतर पाहिला. आधी पाहिला होता तो हाच हात, तिचा हात धरताना करंगळी बाजूला काढून बसलेला.

"सुमेधा," तो हळू म्हणाला, "घरात येऊ देशील का?"

तिने वर पाहिलं. डोकं भादरलेलं, गाल आत गेलेले, डोळे वाटोळे आणि सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून बरगड्या दिसताहेत. जहाजात तापाने धरल्यामुळे चिंतामणी हुबेहूब दारावरच्या कागदासारखा झाला होता. फक्त शिंगं नव्हती. सुमेधाला बोलायचं होतं, इतक्या वर्षांचं बोलायचं होतं, ओठही हलले, पण मागून रांग ओरडली.

"ए भैया, परसाद मिल गया ना? बातें मत करो!"

"बिना लाइन के घुसा था क्या यह?"

"लाइन में ही खड़ा था भाई, एक घंटे से," चिंतामणी मागे वळून काकुळतीने म्हणाला.

आणि सुमेधाच्या तोंडून नवऱ्याला उद्देशून पहिलं वाक्य निघालं ते असं, "मागच्या दाराने या."

तो मागच्या दाराने, कोळशातून, काळा होऊन आला. सत्यभामाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि क्षणभर त्यांना वाटलं, बाबाच आत आले. त्यांनी साष्टांग नमस्कारच घातला असता, पण तेवढ्यात तो "आई" म्हणाला. मग जे रडं झालं ते रांगेपर्यंत ऐकू गेलं, आणि रांगेला वाटलं, अंगात आलं.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरलं. चिंतामणी हसत सांगत होता, स्टेशनवर टांगेवाल्याला विष्णुपंतांचं घर म्हटलं तर तो म्हणाला, "अच्छा, सींगवाले बाबा! नुक्कड़ से नंगे पाँव जाना पड़ेगा, भैया." सगळे हसले. सुमेधा आतबाहेर करत चहा देत होती आणि दर खेपेला एक नजर त्याच्याकडे टाकत होती, आहे ना म्हणून.

दिवेलागणीला ती तुळशीपाशी मागच्या अंगणात आली, तेव्हा तो कोळशाच्या ढिगाशेजारी उभा होता. पुढचं दार देवाने घेतलं आणि बैठक पाहुण्यांनी, म्हणून नवराबायकोला तेवढीच जागा उरली होती.

"तू लावलास ना तो कागद?" त्याने विचारलं.

"हो. दुसरी गोष्ट काय होती?"

"अंबादासने सांगितलं नाही?"

"म्हातारीचं काहीतरी करा म्हणाले. मी आईंचे पाय चोळते रोज."

चिंतामणीला हसू फुटलं, मग ते थांबलं. "म्हातारी तिकडची. आमच्या गोदामासमोर राहायची. तिच्या दारावर तो कागद होता. तिथं आपल्या परिक्रमावाल्यांसारखे साधू असतात, डोंगरातून उतरून शंख फुंकत दारोदार फिरतात. घरोघर असा कागद देतात. वर्षाने येतात, जुना घेऊन जातात, त्याला नमस्कार करून जाळतात आणि नवा देतात. अशी रीतच आहे पूर्वापार. एक मोठा साधू होता म्हणे. रोगराईला हाकलायला आरशासमोर बसला आणि बसल्या बसल्या त्याचं रूप असं भयंकर झालं. ते हे चित्र."

"परिक्रमावासी बरोबर बोलला मग."

"म्हातारीचा मुलगा लढाईवर गेला तेव्हा तिने हा लावला. मग लढाईत साधूच यायचे बंद झाले. कागद तसाच राहिला. वाट बघत."

"आला तिचा मुलगा?"

"नाही. ब्रह्मदेशात होता."

सुमेधाने हातातल्या दिव्याची वात सरळ केली. ब्रह्मदेशात चिंतामणीही होता, दुसऱ्या बाजूला.

"खबर आली त्या दिवशी तिने ओल्या फडक्याने कागद सोडवला आणि मला दिला," तो म्हणाला. "हाताने खुणा करून, थोडं तिच्या बोलीत. फिरता माणूस आता तूच, म्हणाली. तूच घेऊन जा, तुझी वाट बघणारं कोणी असेल त्या दारावर लाव. पोचलास की मला परत पाठव, मी त्याची राख करीन. एका दारात तरी माणूस आला, एवढं मला कळू दे. हीच दुसरी गोष्ट."

सुमेधाने तुळशीत दिवा ठेवला. तिला म्हणून काही नव्हतंच त्यात. "अन् मला काही?" तिने विचारलं, आणि विचारून बसल्यावर तिला लाज वाटली.

"म्हणजे? सगळं तुलाच होतं. दारावर लावा, असं मी नानांना कशाला कळवू? आपल्या दारात रोज उभं कोण राहतं? रांगोळी कोण काढतं? मी नाही तोवर तो तुझ्याजवळ उभा राहील, म्हणून पाठवला." त्याने आत गेलेल्या गालावरून हात फिरवला. "दिसायला बरा नाही, पण मी तरी कुठं आहे?"

सुमेधा हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. कांदा चिरायची गरज आता नव्हती.

सकाळी तिने दार उघडलं तर रांगेत पहिली भानुमती. रात्रीतून खबर महाराजपूरला पोचली होती.

"बहूजी, तुम्हारे आ गए?"

"आ गए, अम्मा. मैंने पूछा. उन्होंने नहीं देखा."

म्हातारीने मान हलवली. तिचा हात पुढे आला नाही. "तो अब बाबा को उतार दोगी? तुम्हारा काम तो हो गया."

सुमेधाने कागदाकडे पाहिलं. पलीकडे समुद्रापार एक म्हातारी तो परत यायची वाट पाहत होती आणि अलीकडे ही एक तो जाऊ नये म्हणून उभी होती. काढायचा म्हटला तरी मोरचुदाच्या खळीतून तो अखंड निघणार नव्हता, हे नानांच्या कमरेने सिद्ध केलंच होतं. "नहीं अम्मा," ती म्हणाली, "यहीं रहेंगे," आणि तिने म्हातारीच्या तळहातावर चिमूटभर जास्तच अंगारा ठेवला. ठेवता ठेवताच तिच्या मनात आलं, तिकडच्या म्हातारीला तरी शेवटी राखच करायची होती ना?

अंबादासची रजा संपली होती. तो जपानला परत निघाला होता. निरोप घ्यायला आला, तेव्हा सुमेधाने अनारशांच्या डब्यासोबत त्याच्या हातात एक लहान पुडी ठेवली. दारासमोरचा अंगारा, आपल्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीत बांधलेला. गाठ चिंतामणीने मारली होती, उलटी.

"गोदामासमोरच्या म्हातारीला द्या, अंबादासभाऊ. अन् सांगा..."

अंबादास घाबरला. "किती गोष्टी आहेत वैनी? जहाज आहे मधात."

"एकच. सांगा, माणूस घरी पोचला."

"एकच ना? मग ऱ्हाईल पोटात." त्याने पुडी सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली आणि मागच्या गल्लीने निघाला. "माणूस घरी पोचला, माणूस घरी पोचला," असं पुटपुटत तो कोळशाच्या ढिगावर अडखळला, उठला, हात झटकले, आणि विसरलो तर नाही ना म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागला.